वाघळांचा आंबा

कर्जतला जाणारे लोक तिथे काय काय बघतात याची मला कल्पना आहे. धबधबा, कुणाचं तरी फार्महाऊस, ढाकची चढण, आणि परतताना स्टेशनाबाहेरचा वडापाव. मी जे बघितलं ते यांपैकी नव्हतं, आणि आता तुम्ही गेलात तरी ते तुम्हाला दिसायचं नाही. म्हणून तर लिहायला बसलोय.

माझी भाची सानिका जनावरांची डॉक्टर आहे. पण दवाखाना टाकून म्हशींना इंजेक्शनं देईल तर शपथ. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती नव्या रोगांच्या मागावर असते. रानातल्या जनावरांच्या अंगात कोणते विषाणू राहतात, ते कोंबड्या-बकऱ्यांपर्यंत कसे पोचतात आणि तिथून माणसाच्या घरात कसे शिरतात, हे तिला वेळेआधी ओळखायचं असतं. "चोर घरात शिरल्यावर कुत्रं पाळून काय उपयोग, मामा?" असं ती विचारते.

या माघात तिचा मदतनीस स्वतःच्या लग्नासाठी रजेवर गेला. तेव्हा ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. पिशव्या धर आणि लोकांशी बोल. बोलायचं तुला शिकवावं लागत नाही." मी मंगळवेढ्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. ऐकणारी मुलं गेली आणि जीभ तेवढी राहिली. मी लगेच निघालो.

वाडी

वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना, राजमाचीच्या पायथ्याशी ती आहे, एवढं पुरे. जाता जाता आम्ही लेणीही पाहून घेतली. मी दगडात कोरलेल्या लाकडासारख्या कमानी बघत होतो आणि सानिका मान वर करून छताच्या भेगांत बॅटरी मारत होती. "दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे, जरा इकडे बघ," असं मी म्हटलं, तर म्हणते, "वाघळं त्याच्याही आधीची आहेत, मामा."

वाडीच्या टोकाला बळीरामदादांचं घर आणि घरामागे तो आंबा. लांबून मला वाटलं, कुणीतरी फांद्यांवर मळकी फडकी वाळत घातलीत. जवळ गेलो तेव्हा त्यातलं एक फडकं खाजवायला लागलं. शेकडो वाघळं उलटी टांगलेली होती. मोठी, तांबूस गळ्याची, कोल्ह्याच्या पिल्लासारखी तोंडं, आणि सगळ्यांची आपसात अखंड कचकच चाललेली. वरच्या फांद्यांना मोहर फुटला होता. मोहराचा गोड वास आणि वाघळांचा उग्र दर्प असा एकत्र येत होता, की पहिल्यांदा मी नाकाला रुमाल लावला आणि थोड्या वेळाने विसरूनही गेलो.

"वागळ्या आंबा म्हनत्यात याला," बळीरामदादा म्हणाले. पन्नाशीचे, सडपातळ, थोडी भातशेती आहे, मुलगा साजगावच्या कारखान्यात कामाला. "माज्या आज्याच्याबी आदीचा हाय. बाप मरताना म्हनला, शेत गेलं तरी चालंल, पन याला कुऱ्हाड लावू नको. वागळं उठली तर गाव उठलं."

त्या आंब्याची रीत मला फार आवडली. झाडावरचा आंबा कुणी उतरवायचा नाही. आधी वाघळांनी खायचं, मग सकाळी खाली जे पडेल ते माणसांचं. आमच्याकडे पाखरं हाकलायला गोफण घेऊन माळ्यावर उभं राहतात, आणि इथे पहिला मान पाखरांचा. मी हे बोलून दाखवलं तर यमुनावहिनी, बळीरामदादांच्या मंडळी, हसून म्हणाल्या, "तुमची पाखरं ज्वारी खातात. आमची वागळं आंबं खाऊन कोया रानभर टाकतात. हे एवढं रान काय आमी लावलं?"

उष्टे आंबे वहिनी बकऱ्यांना घालतात हे ऐकल्यावर सानिका सावरून बसली. तिच्या अभ्यासाचा रस्ता नेमका इथून जात होता. वाघळाची लाळ फळाला, फळ बकरीच्या तोंडात, आणि बकरी वहिनींच्या अंगणात. "वहिनी, उष्टे आंबे बकऱ्यांना नका घालू," ती म्हणाली.

"मंग कोनाला घालू? तुला?" वहिनी म्हणाल्या आणि सगळे खळखळून हसले.

सानिकाने तिचं काम समजावून सांगितलं. उद्या पहाटे वाघळं परतायच्या आत झाडाखाली प्लास्टिक पसरायचं. त्यावर पडलेली शिट-लघवी कुपीत भरायची. वाघळाला हातसुद्धा लावायचा नाही. नंतर घरच्या कोंबड्यांच्या घशातून कापसाच्या काडीने जरासा नमुना घ्यायचा. असंच वर्षभर, ऋतू पालटेल तसं येत राहायचं. याच झाडावर, याच वाघळांचं काम झालं तर त्याला अर्थ, असं तिने दोनदा सांगितलं. बळीरामदादा म्हणाले, "ये की. झाड कुठं पळून जातंय?"

संध्याकाळी आमच्यासाठी शेतात पोपटी लावली. रायगडाबाहेरच्यांसाठी सांगतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर मीठ-ओवा टाकून वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. आमच्या हुरड्याचा मला मोठा अभिमान. पण मडकं उघडल्यावर जो वास सुटला, त्यापुढे हुरडा जरा गरीबच वाटला, हे मंगळवेढ्यात कुणाला सांगू नका. मडक्यातली कोंबडी वहिनींनी स्वतःच्या खुराड्यातली दिली होती. "पुन्यांदा पाळल्यात रं बाबा, लई जपून," त्या वाढता वाढता म्हणाल्या. मी तोंडात शेंग धरून नुसती मान हलवली. पुन्हा म्हणजे काय, आधीच्या कुठे गेल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही. बोलायला म्हणून नेलेला माणूस मी, आणि ऐकायच्या वेळी खात होतो.

निघताना वहिनींनी सानिकाच्या गालावरून हात फिरवला. "काम झालं का वटी भरीन तुजी. लेकीला तशी नाय पाठवायची."

पहाट

उजाडायच्या आधी गाडी वाडीबाहेर लावून आम्ही ते कपडे चढवले. पायापासून डोक्यापर्यंत एकच पांढरा झगा, हातमोजे, मास्क, डोळ्यांवर चष्मा. गिरणीच्या पिठात पडलेला माणूस तसा मी दिसत असणार. "एवढं कशाला?" मी कुरकुरलो. सानिका म्हणाली, "त्यांचं आपल्याला लागू नये म्हणून, आणि आपलं त्यांना लागू नये म्हणूनही." हे वाक्य फार चांगलं होतं. ते तिने वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचवावंसं वाटलं नाही.

वाघळं परत आली ते दृश्य मी विसरणार नाही. राजमाचीच्या अंगाने आभाळ फिकट झालं आणि एकेक करून ती येऊ लागली, आवाज न करता, मोठ्या संथ पंखांनी. मग जागेवरून भांडाभांडी. खाली आम्ही दोघं पांढरे पुतळे, आणि प्लास्टिकवर टपटप सुरू. सानिका मास्कमधूनही आनंदलेली कळत होती. "पोटं बघ, मामा. माद्या गाभण आहेत."

उजाडलं. वहिनी हंडा घेऊन मागल्या दारी आल्या. आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि हंडा तसाच घेऊन आत गेल्या. मग घराघरांतून कोंबड्यांना बोलावल्याचे आवाज येऊ लागले. बायका दाणे टाकत होत्या, कोंबड्या जमल्या की झटकन डालग्याखाली झाकत होत्या. मला वाटलं, सानिकाला नमुने घ्यायला सोपं पडावं म्हणून ही तयारी. मनात म्हटलं, काय शहाणी माणसं आहेत!

त्याच कपड्यांत आम्ही दारात गेलो. वहिनी उंबऱ्यात आडव्या उभ्या.

"आज नको."

"वहिनी, काल तर हो म्हणालात," सानिका मास्कमधून म्हणाली.

"आज अमाशा हाय."

पंचांग मी बघत नाही. पण आदल्या संध्याकाळी पोपटी लावली तेव्हा डोक्यावर चांगला चंद्र होता, एवढं मला आठवत होतं. आम्ही ते बाईमाणसाचं बुजणं समजलो, झगे उतरवून पिशवीत बांधले आणि बर्फाच्या पेटीत कुप्या ठेवून खोपोलीकडे निघालो. गाडीत मी त्या अमावस्येवर दोन विनोदही केले.

साजगाव

खोपोलीत डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे पाइप दिसतात, ते ओलांडून साजगावच्या अंगाला मुनीरभाईंची कोंबड्यांची शेड आहे. मूळचे श्रीवर्धनकडचे. वडील अंड्यांच्या धंद्यात इकडे आले आणि इथलेच झाले. शेड मात्र बघण्यासारखी. दारात चुन्याचं पाणी, त्यात पाय बुडवल्याशिवाय मालकालाही प्रवेश नाही. सानिकाचं नमुने घ्यायचं काम तिथे सुरळीत झालं. दुपारी त्यांनी आग्रहाने घरी जेवायला बसवलं. तांदळाच्या पातळ भाकऱ्या, सुक्या जवळ्याचं कालवण, नारळाच्या रसातली वांगी. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा मुनीरभाईंनी सहज विचारलं, सकाळी कुठे होतात?

मी रंगवून सांगितलं. आंबा, वाघळं, पांढरे पुतळे, अमावस्या, सगळं.

मुनीरभाईंचा हात ताटातच थांबला. "त्या वाडीत? ते कपडे घालून?"

"का हो?"

"मामा, मागे त्या वाडीच्या शेजारी एकाच्या शेडमध्ये कोंबड्यांचा रोग निघाला. मग नियम असतो ना, आजूबाजूच्या सगळ्या कोंबड्या मारायच्या. शेडवाल्याला कागद आला, भरपाई आली, त्याला समजलं काय ते. घरातल्या बाईला काय समजलं? सकाळी पांढरे कपडेवाले आले, अंगणात फिरले, आणि दुपारपर्यंत गावात आरवायला एक कोंबडा नाय राहिला. पोतीच्या पोती भरून खड्ड्यात पुरले. तेव्हापासून तिकडे कोण पांढरं घालून दिसलं की लोकं कोंबड्या लपवतात."

सानिकाने घास खाली ठेवला. "ते करणं बरोबरच होतं," ती हळू म्हणाली. "नाहीतर रोग पसरला असता."

"बरोबरच होतं, मॅडम. मी कुठे चूक बोलतोय? पण तुम्ही आता झाडाखाली तेच घालून उभ्या राहिलात. ते काय समजले असतील?"

वहिनींचं 'पुन्यांदा पाळल्यात' मला तेव्हा कळलं. सानिकाने बळीरामदादांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला तर बंद. तिला लगेच परत जायचं होतं. पण पेटीतला बर्फ वितळत होता, कुप्या पुण्याच्या गाडीवर चढवायच्या होत्या. मीच म्हणालो, "उद्या सकाळी जाऊ, निवांत ओटीवर बसून समजावून सांगू. घाईत सांगितलेलं पटत नाही." शाळामास्तरी शहाणपण होतं ते. त्याच दुपारी निघायला हवं होतं. कुप्या वाया गेल्या असत्या तर गेल्या असत्या.

पुन्हा वाडी

वाडी दिसायच्या आधी फटाके ऐकू आले. लग्नसराई आहे, कुणाची वरात असेल, असं मला वाटलं. मग वळणावर सानिकाने गाडी थांबवून काचेतून वर बघितलं.

भर उन्हात वाघळं उडत होती. एरवी ती उजेडात झाड सोडत नाहीत. वेडीवाकडी घिरट्या घालत होती, कावळे मागे लागले होते, काही नदीकाठच्या लहान झाडांवर कशीबशी लोंबकळत होती. आंब्याखाली ओला पेंढा पेटवून धूर केला होता. वरच्या मोठ्या फांद्या आधीच खाली आल्या होत्या आणि मोहरासकट अंगणात पसरल्या होत्या. करवतीचं यंत्र घेतलेला माणूस बुंध्याभोवती फिरून जागा बघत होता.

सानिका धावत गेली. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी खांद्यावरून घसरलेली. "थांबा! दादा, थांबवा त्यांना!"

बळीरामदादा ओटीवर आंब्याकडे पाठ करून बसले होते. "तुमी कशाला आल्या आता?"

"दादा, मी काही मारायला आले नव्हते. मला त्यांच्यात काही सापडलेलं नाही. अजून तपासलंसुद्धा नाही."

"गाव बसलं काल. सगळी म्हनली, आज वागळं, उद्या कोंबड्या, परवा म्हशी. रोग असंल तर झाडच नको, म्हंजी ती मान्सं परत यायची नाय. म्या नाय म्हनलो. पन सगळ्यांच्या दारात जनावरं हायेत. मी एकटा कुठवर नाय म्हनू?"

"पण रोग आहे असं म्हटलं कोणी?"

"मंग तोंड का झाकलं व्हतं?" बळीरामदादांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "काय नव्हतं तर आमच्या दारात येताना तोंड का झाकलं?"

सानिकाने सांगायला सुरुवात केली. काळजी म्हणून घालतात, माहीत नसतं तेव्हाच घालतात, घाबरलेलं उपाशी जनावर उलट जास्त विषाणू टाकतं, त्यांना उठवणं हेच धोक्याचं. एकूण एक खरं होतं. पण दुधाने तोंड पोळलेल्याला ताक थंड आहे हे लांबून ओरडून सांगण्यात काय अर्थ? यंत्र सुरू झालं आणि तिचं पुढचं बोलणं मला शेजारी उभा असूनही ऐकू आलं नाही. मी बुंध्यापाशी जाऊन त्या माणसाचा हात धरला. त्याने शांतपणे माझा हात बाजूला केला. "मास्तर, मालकानंच बोलावलंय मला."

आंबा पडताना बळीरामदादा वळले नाहीत. त्यांचे खांदे तेवढे हलले.

आम्ही निघालो तेव्हा यमुनावहिनी घरातून सूप घेऊन आल्या. सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. बोललेला शब्द त्या मोडणार नव्हत्या. सानिकाने ओढणी पुढे पसरली. वहिनींनी एका हाताने पदर नाकातोंडावर घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने, अंग लांब ठेवून, ओंजळीऐवजी मुठीमुठीने ओटी घातली. कुंकू लावायला हात पुढे आला आणि कपाळापर्यंत न पोचताच मागे गेला. "सांबाळून जा गं," त्या पदराआडून म्हणाल्या.

गाडीत सानिका ओटीचा नारळ मांडीवर धरून रडली. कर्जतपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, आणि मला ओळखणारे जाणतात की हे किती कठीण आहे.

घरी

चैत्रात मुनीरभाईंचा फोन आला. त्यांच्या शेडमागच्या शिरीषाच्या झाडांवर वाघळं उतरली होती. त्या आंब्यावरचीच होती असं छातीठोकपणे कोण सांगणार, पण त्याआधी तिथे कधी आली नव्हती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जिथे खालीच हजारो कोंबड्या, नेमकं तिथे वरून यांची टपटप. "मॅडमला पाठवा," मुनीरभाई म्हणाले. "पण मामा, ते कपडे नकोत. माझ्या शेजाऱ्यांनी बघितलं तर उद्या माझं अंडं कोण घेणार नाय, आणि ही झाडंपण जातील."

सानिका ऐकून म्हणाली, "ते घातल्याशिवाय मला झाडाखाली उभं राहता यायचं नाही." मग म्हणाली, "आधी जाऊन नुसती बसते. घराघरात. कपडे त्यांच्या हातात देते, घालून बघा म्हणते." मला हे ऐकून बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. वाडीतही तेवढंच करायला हवं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाडीतल्या कुप्यांचे निकाल आले. ती माझ्याकडे मंगळवेढ्याला आली होती, तिथूनच तिने बळीरामदादांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला. या खेपेला त्यांनी उचलला.

"दादा, तुमच्या वाघळांच्या नमुन्यांत काही निघालं नाही. ज्या रोगांसाठी तपासलं, त्यातला एकही नाही."

पलीकडे कोंबडा आरवला.

"म्हंजी काय नव्हतं?"

"नव्हतं, दादा."

"मंग आदी सांगायचं ना गं, पोरी."